गजाआडचे कारागीर

१९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात वल्लभभाई पटेल पाकिटे चिकटवत बसत. आलेल्या पत्रांचे कोरे भाग, वेष्टनांचे कागद, रद्दी असे जे हाती लागेल ते कापायचे, दुमडायचे, खळ लावायची आणि गठ्ठा करून ठेवायचा. ज्या माणसाने चार वर्षांपूर्वी बारडोलीचा शेतकरी सरकारसमोर उभा केला, तो आता कागदाच्या घड्या नीट बसतात की नाही हे पाहण्यात रंगलेला असे. या पाकिटांना गिऱ्हाईक एकच, पण भलते खादाड. शेजारी बसून गांधीजी रोज पत्रे लिहीत आणि ती या पाकिटांतून बाहेर पडत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या डायरीत या उद्योगाच्या नोंदी आहेत. सरदारांच्या हातचे पाकीट किती नेटके असते याचे कौतुक खुद्द गांधीजींनी केले होते, आणि कागदाच्या उधळपट्टीबाबत गांधीजी किती कडक होते हे लक्षात घेता ती मोठीच पावती म्हणायची.

त्याच दिवसांत वल्लभभाई संस्कृतही शिकू लागले. पन्नाशी उलटून गेलेली, बॅरिस्टरी कधीच सुटलेली. पुस्तके होती औंधच्या पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या पाठमालेची, म्हणजे घरबसल्या संस्कृत शिकवणारी आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोचलेली. पाठ म्हणताना वल्लभभाईंचा विनोद चाललेला असे. फळे सोलणे, लिंबू-सोडा तयार करून देणे, दातण ठेचून ठेवणे ही गांधीजींची कामेही त्यांनीच ओढून घेतली होती. दोघे सुमारे सोळा महिने एकत्र होते. पुढे त्या सहवासाबद्दल बोलताना गांधीजींनी वल्लभभाईंच्या आईसारख्या मायेचा उल्लेख केला. लोहपुरुष या बिरुदाखाली ही माया झाकून गेली आहे.

बंदिवासातल्या हस्तकौशल्याकडे आपण साधारणपणे वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहतो. वेळ तर जातोच. पण असे प्रसंग एकापुढे एक मांडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. माणसाला तगवणाऱ्या वस्तूला बहुतेक वेळा कुणीतरी घेणारा असतो. पाकीट कुणाच्या तरी पत्रासाठी असते, चप्पल कुणाच्या तरी पायासाठी.

चपलेची कथा दक्षिण आफ्रिकेतली. हरमान कालेनबाख हे जोहान्सबर्गमधले जर्मन ज्यू वास्तुरचनाकार, पैसेवाले, व्यायामाची आवड असलेले आणि गांधींचे जिवलग मित्र. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची कुटुंबे उघड्यावर पडू लागली, तेव्हा १९१० मध्ये त्यांनी आपली ११०० एकर जमीन भाड्याचा एक पैसाही न घेता वापरायला दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. तिथे राहायचे तर स्वतःच्या हातांनी काहीतरी करायला हवे, म्हणून कालेनबाख ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात जाऊन चपला करायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधी शिकले आणि गांधींकडून इतर. तयार झालेल्या चपला मित्रमंडळींना विकल्या जात. वकिली करणाऱ्या वैष्णव वाण्याच्या मुलाने चामडे हातात धरावे, यातले धाडस आफ्रिकेत कुणाला कळले नसेल. काठियावाडात नक्की कळले असते.

१९१३ च्या लढ्यात गांधी पुन्हा तुरुंगात गेले. तिथे त्यांनी चपलांचा एक जोड केला, तो जनरल स्मट्स यांच्यासाठी. ज्या सरकारने त्यांना आत टाकले होते त्या सरकारचे स्मट्स मंत्री. १९१४ मध्ये तडजोड झाली, गांधी कायमचे आफ्रिका सोडून निघाले आणि चपला स्मट्सना पोचल्या. १९३९ मध्ये गांधींच्या सत्तरीनिमित्त राधाकृष्णन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात स्मट्स यांनी लेख लिहिला. त्या चपला आपण कित्येक उन्हाळे वापरल्या, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली लायकी नाही, अशा अर्थाचे त्यांनी त्यात लिहिले. स्मट्स यांनी वंशभेदाचे राजकारण काही त्या चपलांमुळे सोडले नाही. भेटवस्तूकडून तेवढी अपेक्षा करणे हा भाबडेपणा झाला.

कालेनबाख यांच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. १९१४ च्या जुलैत ते गांधींबरोबर बोटीने निघाले. आधी इंग्लंड आणि मग कायमचे हिंदुस्थान असा बेत होता. बोट पोचते तोच महायुद्ध सुरू झाले. कालेनबाख कागदोपत्री जर्मन नागरिक, म्हणजे शत्रू. त्यांना हिंदुस्थानात यायची परवानगी मिळाली नाही आणि पुढे त्यांना आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबले गेले. दोघांची पुन्हा भेट झाली ती १९३७ मध्ये, गुजरातच्या किनाऱ्यावर तिथल या गावी. मध्ये तेवीस वर्षे गेली होती. एक आता महात्मा झालेला, दुसरा जोहान्सबर्गचा यशस्वी बिल्डर. तरी कालेनबाख यांनी अंगावर खादी चढवली आणि आश्रमातल्या माणसांत असे मिसळले, की जणू टॉलस्टॉय फार्मवरूनच उठून आले आहेत.

चरख्याबद्दल इतके बोलून झाले आहे की तो हाताने चालवायचे एक यंत्र होता हेच विसरायला होते. येरवड्याच्या कोठडीत मोठा चरखा मावेना आणि प्रवासात नेता येईना, म्हणून पेटीत दुमडून बसणाऱ्या चरख्यावर गांधीजींनी तुरुंगातच बरेच प्रयोग केले. तोच पुढे येरवडा चरखा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याआधी १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र त्या स्पर्धेत उतरले. बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

सूत काढणे हे एकसुरी काम. पेळू, चाते, तार, पुन्हा पेळू. पण निघालेले सूत कुठेतरी जायचे असे. नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची गुलाबी साडी नेसून इंदिरा २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादेत बोहल्यावर उभ्या राहिल्या. मुलगी वाढत असताना बाप बराच काळ गजाआड होता. तिच्या लग्नात त्याच्याकडून गेलेली ही वस्तू त्याच काळात तयार झालेली.

लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि नेत्यांना घेऊन खास गाडी बोरीबंदरहून सुटली. गांधीजींना वाटेत उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. नगरच्या किल्ल्यातले कैदी बारा : आझाद, नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, असफ अली, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, भेट नाही. बाहेर देश पेटलेला आणि आत बारा वजनदार माणसे, ज्यांची आपापसांतली मतेही जुळत नव्हती. ‘छोडो भारत’ चळवळ आत्ता सुरू करायला हवी होती का, हा वाद किल्ल्यातही संपला नाही.

मग प्रत्येकाने आपापला उद्योग शोधला. नरेंद्र देव बौद्ध दर्शनातला ‘अभिधर्मकोश’ हिंदीत आणू लागले. महताब ओरिसाचा इतिहास लिहायला बसले. वल्लभभाईंचा ब्रिजचा डाव रंगे. नेहरूंनी कुदळ घेतली. अंगणातली जमीन भिकार, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्याने भरलेली. वाफे खणताना जुन्या भिंतींचे अवशेष आणि घुमटांचे माथे लागत, मग खोदकाम थांबे, कारण पुरातत्त्वाचा हा उद्योग तुरुंगाधिकाऱ्यांना मंजूर नव्हता. चांदबिबीच्या किल्ल्यात फुलझाडे लावणाऱ्या या कैद्याने १९४४ च्या एप्रिलमध्ये लेखणी उचलली आणि सप्टेंबरपर्यंत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. पुस्तक अर्पण केले ते किल्ल्यातल्या सोबत्यांना. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या गप्पांचा त्यात मोठा वाटा असल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे बारा जणांच्या त्या सक्तीच्या मुक्कामात वादही होते आणि चालताबोलता ग्रंथसंग्रहही होता.

पण नगरच्या किल्ल्यातला सगळ्यात विलक्षण उद्योग मौलाना आझादांचा. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, स्वतः चहा करायचा आणि मग एका जुन्या मित्राला पत्र लिहायचे. मित्राचे नाव हबीबुर्रहमान खान शेरवानी, अलीगढकडचे जमीनदार, विद्वान, ग्रंथप्रेमी. दोघांचे राजकारण जुळणारे नव्हते; जुळत होते ते अरबी-फारसी काव्य, पुस्तके आणि चहा. पत्रे टपालात पडणार नाहीत हे आझादांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी प्रत्येक पत्राला मायना होता आणि प्रत्येक पत्र समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे लिहिलेले होते.

त्यात काय नाही? चिनी जास्मिन चहाची थोरवी आहे आणि त्यात दूध ओतणाऱ्यांविषयीची तुच्छता आहे (पत्रे मराठी वाचकाने थोडा धीर धरून वाचावीत, कारण दूध-साखर-आले घातलेल्या आपल्या चहाला मौलाना चहा मानतच नाहीत). खोलीत घरटे करून उच्छाद मांडणाऱ्या चिमण्यांची हकिकत आहे : आधी त्यांच्याशी युद्ध, मग तह, मग दाण्यांचे आमिष, आणि शेवटी चिमण्या तळहातावर येऊन टिपू लागतात. तुरुंगाच्या अधीक्षकाला कैद्यांनी चांदबिबीच्या काळातल्या किल्लेदारावरून चीताखान हे नाव ठेवले होते, तेही या पत्रांत भेटते. देव, सुख, एकांत, संगीत यांवर पानेच्या पाने आहेत.

आणि ११ एप्रिल १९४३ चे पत्र आहे. त्याच्या दोन दिवस आधी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या गंभीर आजारी असल्याच्या तारा येत होत्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती ताबडतोब पाठवतो, असे अधीक्षकाने सुचवले. आझादांनी नकार दिला. दिनक्रम तसूभरही बदलायचा नाही असे त्यांनी ठरवले. जेवणाच्या टेबलावर वेळेवर हजर राहायचे, वर्तमानपत्र चाळायचे, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. हे सगळे नाटक होते हे त्यांनी मित्राजवळ कबूल केले आहे. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी जुनी कबर होती. आजवर शेकडो वेळा नजरेखालून गेलेल्या त्या कबरीकडे आदल्या संध्याकाळी आपण बराच वेळ पाहत राहिलो, असेही त्यांनी लिहिले आहे. ज्या माणसाने बरोबरच्या अकरा जणांसमोर डोळ्यांतून टिपूस काढले नाही, त्याने मन शेकडो मैलांवरच्या, पत्र न पोचणाऱ्या मित्रापाशी मोकळे केले.

यातून दुःख हलके झाले असे म्हणायला मन धजत नाही. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेले त्यांचे वजन किल्ला सोडताना १३० वर आले होते. पहाटेचा चहा आणि लेखन यांनी शरीर वाचवले नाही. त्या माणसाच्या बोलण्याची ढब मात्र शाबूत ठेवली. सुटकेनंतर १९४६ मध्ये ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. उर्दू गद्यातल्या उत्तम पुस्तकांत त्यांची गणना होते.

नगरपासून पुणे जवळ. तिथल्या राजवाड्यात अटकेनंतर सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. वल्लभभाईंच्या पाकिटांच्या नोंदी ठेवणारा हात थांबला. दहनाच्या जागी गांधीजी रोज फुले वाहायला जात. कस्तुरबा खचल्या होत्या. त्यांच्यासाठी कॅरम मांडला जाई आणि साठी-सत्तरीची ही मंडळी चक्क चुरशीने खेळत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांनी जपून ठेवली होती, शेवटी तीच नेसवली. खादीच्या अर्थशास्त्राची गणिते चुकली असतील, पण त्या एका साडीचा हिशोब अर्थशास्त्रात मांडता येत नाही.

हे इथे चालले असताना तिकडे सिंगापूरमध्ये दुसराच बंदिवास सुरू झाला होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. ८ मार्चला सुमारे ४०० युरोपीय स्त्रिया आणि मुले भर उन्हात चालत चांगीच्या तुरुंगात पोचली. तुरुंग बांधला होता ६०० कैद्यांसाठी. लवकरच तिथे पुरुष धरून दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली. नवरे भिंतीपलीकडे किंवा लष्करी छावणीत. जिवंत आहेत की नाहीत, कळायला मार्ग नाही.

एलिझाबेथ एनिस ही तिथली एक परिचारिका. शहर पडण्याच्या चार-दोन दिवस आधी तिचे लग्न झाले होते आणि नवरा, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, आता कैदेत होता. तिने तुरुंगातल्या वीसेक मुलींचे गर्ल गाइड पथक सुरू केले. मुलींना तिच्या वाढदिवसाला भेट द्यायची होती, पण द्यायला काहीच नव्हते. मग त्यांनी फाटक्या फ्रॉकांचे तुकडे गोळा केले, सहा कोनांची ठिगळे कापली, कपड्यांतून उसवून दोरा काढला आणि गुपचूप गोधडी शिवायला घेतली. ठिगळांवर आपापली नावे भरली. ती गोधडी आता लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

तिच्यावरून कल्पना सुचली एथेल मल्व्हनी या कॅनेडियन बाईला. रेडक्रॉसचे काम पाहणारी, धडाकेबाज, लहरी. तुरुंगात तिचे सगळ्यांशी पटत होते असे नाही. तिने बायकांना सहा-सहा इंचांचे कापडाचे चौकोन वाटले आणि त्यावर स्वतःचे म्हणून काहीतरी भरायला सांगितले. असे ६६ चौकोन जोडून एक गोधडी. एकूण तीन झाल्या : एक ब्रिटिश, एक ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी जखमींसाठी. या शेवटच्या गोधडीमागे शत्रूबद्दलची करुणा किती आणि उरलेल्या दोन बाहेर जाऊ द्याव्यात म्हणून केलेली चतुराई किती, हे सांगणे कठीण. बहुधा दोन्ही असावे. गोधड्या लष्करी इस्पितळात जाणार होत्या. प्रत्येक चौकोनावर नाव होते. कुण्या पुरुषाने ते वाचले की त्याला कळावे, बायको जिवंत आहे, सुई धरण्याइतकी धड आहे.

चौकोनांवर फुले आहेत, झेंडे आहेत, घरे आहेत. एकीने आपली कोठडी भरली आहे. एकीने घरची आठवण येते, एकटे वाटते, एवढेच सरळ लिहून कोठडीचा क्रमांक टाकला आहे. सुबक टाके आणि अडाणी टाके शेजारी शेजारी बसलेत, कारण सगळ्याच काही भरतकाम येणाऱ्या नव्हत्या. दोन गोधड्या आज कॅनबेरातल्या युद्धस्मारकात आहेत, ब्रिटिश गोधडी ब्रिटिश रेडक्रॉसकडे.

भरतकाम हे बायकांचे काम, अशी समजूत असेल तर मेजर ॲलेक्सिस कॅसडाग्ली यांना भेटावे. हा ब्रिटिश अधिकारी १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. कैदेत एकाने त्याला कॅनव्हासचा तुकडा दिला. क्रीटच्या एका म्हाताऱ्या जनरलचा स्वेटर विरत चालला होता, त्याची लोकर उसवून दोरा झाला. कॅसडाग्ली यांनी फुलीच्या टाक्यांत एक शोभिवंत पाटी भरली. कडेने ठिपके आणि रेघांची नक्षी. जर्मन अधिकाऱ्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती चार छावण्यांत प्रदर्शनाला मांडली. नक्षी मोर्स लिपीत होती. एका ओळीत राजाला दीर्घायुष्य मागितले होते आणि दुसऱ्या ओळीत हिटलरला अशी शिवी होती, जी इथे छापता येणार नाही.

दुसऱ्यासाठी काही करण्याने माणसाला काय मिळते, याची मोजणी मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे सुरू केली आहे. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातल्या ४६ विद्यार्थ्यांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी संध्याकाळपर्यंत ते स्वतःवर उडवायचे होते, काहींनी दुसऱ्यासाठी खर्चायचे होते. दिवस मावळता दुसरा गट अधिक खुशीत आढळला, आणि रक्कम ५ होती की २० याने फारसा फरक पडला नाही. ४६ विद्यार्थी आणि एक दिवस, म्हणजे पुरावा तसा तोकडा. पण चांगीतल्या बायकांना वाटून द्यायला ५ डॉलरही नव्हते, हे लक्षात घेतले तर प्रयोगाची दिशा ओळखीची वाटते.

चांगीत त्या आणखी एक खेळ खेळत. उपासमार वाढली तशा त्या गोल करून बसत आणि काल्पनिक मेजवान्या रचत. आज कुणाकडे जेवण, आधी काय, नंतर काय, केकला अंडी किती. भुकेने कासावीस झालेल्या माणसांनी पाककृतींची चर्चा करावी हे क्रूर वाटेल, पण त्यांना त्याने बरे वाटे. मल्व्हनी त्या पाककृती टिपून ठेवी. सुटकेनंतर, खंगलेल्या अवस्थेत, तिने ती बाडे कॅनडाला नेली आणि १९४६ मध्ये ‘प्रिझनर्स ऑफ वॉर कुक बुक’ छापले. वीस हजार प्रती खपल्या, अठरा हजार डॉलर जमले. तिने त्या पैशांची संत्री आणि इतर जिनसा घेऊन इंग्लंडच्या इस्पितळांत पडलेल्या माजी युद्धकैद्यांना पाठवल्या.

पुढच्या दशकात ती कॅनडाच्या विद्यापीठांतून एक फिरती बाजारपेठ घेऊन हिंडू लागली. ट्रेझर व्हॅन तिचे नाव. भारत आणि इतर देशांतल्या कारागिरांनी हातांनी केलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना विकायच्या आणि नफा वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिसच्या कामाला द्यायचा. मोहीम वर्षानुवर्षे चालली, गावोगावच्या विद्यार्थी संघटना तिची तारीख ठरवून वाट पाहत.